आधार दिलं, पॅन दिलं, आता वसुलीचे फोन येताहेत

ताई, नमस्कार.

मी नागपुरात मानेवाड्याला राहतो. वय ३२, बुटीबोरीला कंपनीत शिफ्ट ड्यूटी. आधी मोबाईलवर रमी खेळायचो, पाचशे-हजाराची. ते अॅप बंद झाले तेव्हा शिफ्टमधल्या एका पोराने टेलिग्रामवरची लिंक दिली. तिथे क्रिकेट पण होतं, तीन पत्ती पण. प्ले स्टोअरवर नव्हतं, फाईल डाउनलोड करून टाकावं लागलं. पहिल्या आठवड्यात ४,२०० जिंकलो. काढायला गेलो तं केवायसी मागितली. आधार दोन्ही बाजूंनी, पॅन, पासबुकचं पहिलं पान, पॅन हातात धरून सेल्फी आणि डोळे मिचकावतानाचा व्हिडिओ. सगळं दिलं. पैसे आले नाही. मग 'व्हेरिफिकेशन फी' म्हणून ३,००० मागितले, ते पण दिले. पुढे खेळण्यात सगळे मिळून ६२ हजार गेले.

गेले ते गेले. पण तीन आठवड्यांपासून वसुलीचे फोन येत आहेत. माझ्या नावावर ३५ हजारांचं कर्ज आहे म्हणतात. मी कुठलंच कर्ज घेतलं नाही. परवा तं सासऱ्याला फोन गेला. घरी बायकोला काहीच माहीत नाही. पोलिसात जावं तं सट्टा खेळला म्हणून मलाच आत टाकतील. तो पोरगा म्हणते, टेन्शन घेऊ नको, पंधरा दिवस तुझ्या खात्यातून आमचे पैसे फिरू दे, सगळा हिशोब फिटते. आधार नंबर बदलून मिळते का? काय करू?

एक वाचक, मानेवाडा

भाऊ,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा ६२ हजारांवर नजर अडकली. दुसऱ्यांदा त्या पोराचं वाक्य टोचलं. म्हणून तुमच्या प्रश्नांचा क्रम मोडते आणि त्याच्यापासूनच सुरू करते. त्याला आजच नाही म्हणा. कारण सांगत बसू नका, 'खातं देणार नाही' एवढंच म्हणा आणि त्याचा नंबर ब्लॉक करा. शिफ्टमध्ये तोंडासमोर येईलच, तिथेही हेच.

मी बँकेत ३१ वर्षं काढली, त्यातली शेवटची काही बर्डीवरच्या शाखेत. निवृत्तीच्या आधीच्या वर्षी काउंटरवर एक मुलगा आला. एटीएममधून पैसे निघत नव्हते. बघितलं तर खातं फ्रीज, दुसऱ्या राज्यातल्या सायबर पोलिसांचं पत्र आलेलं. विचारत गेले तेव्हा कळलं, त्याने महिन्याला दोन हजारांवर एटीएम कार्ड आणि खात्याला जोडलेलं सिम एका ओळखीच्याला देऊन टाकलं होतं. आपल्या खात्यातून किती रक्कम गेली हे त्याला आम्ही सांगितलं तेव्हा कळलं. तो खुर्चीवर बसला तो उठेचना. कागदोपत्री खातेदार तोच, सही त्याची, फोटो त्याचा. ज्याने पैसे फिरवले त्याचं नाव कुठेच नव्हतं.

अशी भाड्याची खाती हाच या धंद्याचा कच्चा माल आहे. इथून चार-पाच तासांवरच्या भिलाईतून उभ्या राहिलेल्या महादेव अॅपचं प्रकरण तुम्ही वाचलंच असेल. सक्तवसुली संचालनालयाने ते उकरलं तेव्हा सट्ट्याचा पैसा अशाच दुसऱ्यांच्या नावावरच्या खात्यांतून फिरवल्याचं समोर आलं, आणि नोव्हेंबर २०२३मध्ये केंद्राने महादेव धरून २२ अॅप आणि वेबसाईट ब्लॉक केल्या. खातं ज्याच्या नावावर, पहिली नोटीस त्याला. आज तुम्ही फसवले गेलेले आहात. खातं दिलंत की फसवणाऱ्यांच्या हिशोबात तुमचं नाव लागेल, आणि ते पुसायला वकील लावावा लागेल.

आता पोलिसांची भीती. ही भीती तुमच्या एकट्याची नाही, आणि या टोळ्यांचं अर्धं भांडवल तीच आहे. सट्टा खेळलेला माणूस ठाण्याची पायरी चढणार नाही हे त्यांना पक्कं ठाऊक असतं. पण कायदा काय म्हणतो ते बघा. ऑगस्ट २०२५मध्ये संसदेने ऑनलाईन गेमिंगचा कायदा केला. पैसे लावून खेळायचे सगळे ऑनलाईन खेळ त्यात बंद केले, मग तो नशिबाचा असो की कौशल्याचा. तुमची रमी त्यातच गेली. शिक्षा आहे ती खेळ चालवणाऱ्याला, तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड. जाहिरात करणाऱ्याला आहे, पैशाचे व्यवहार करून देणाऱ्याला आहे. नुसत्या खेळणाऱ्याला त्या कायद्यात शिक्षा ठेवलेली नाही, तो नाडला गेलेला माणूस आहे असंच तिथे धरलं आहे.

आणि नागपूरचंच उदाहरण आहे की. जुलै २०२३मध्ये इथल्या एका व्यापाऱ्याने ऑनलाईन सट्ट्यात ५८ कोटी गेल्याची तक्रार केली. त्यालाही व्हॉट्सअॅपवर लिंकच आली होती, त्यालाही सुरुवातीला जिंकवलंच होतं. पोलिसांनी कोणाच्या घरावर छापा घातला? गोंदियाच्या बुकीच्या. कोट्यवधींची रोकड आणि किलोंनी सोनं तिथून निघालं. तक्रार करणारा ५८ कोटी हरलेला होता, तरी तो फिर्यादीच राहिला. तुम्ही ६२ हजारांसाठी कशाला लपता?

एक मात्र स्वतःशी खरं बोला. तुम्ही पुढे कोणाला आयडी काढून दिली असेल, त्यावर कमिशन घेतलं असेल, मित्रांची खायवाडी-लगवाडी, म्हणजे सट्टा घेणं-लावणं, सांभाळली असेल, तर ठाण्यात जाण्याआधी एखाद्या वकिलाशी तासभर बोला. पत्रात तसं काही दिसत नाही, पण माणसं पत्रात सगळं लिहीत नाहीत हेही मला माहीत आहे.

आता मोबाईल. तुम्ही सगळी काळजी आधारची करताय, पण मला जास्त काळजी त्या फाईलची आहे, जी तुम्ही प्ले स्टोअरच्या बाहेरून टाकली. ते अॅप अजून मोबाईलमध्ये आहे का, हे तुम्ही लिहिलेलंच नाही. टाकताना त्याने एसएमएस वाचायची, कॉन्टॅक्ट बघायची परवानगी मागितली असणार आणि तुम्ही 'अलाऊ', 'अलाऊ' करत गेला असणार, सगळेच जातात. एसएमएस वाचणारं अॅप म्हणजे तुमचा ओटीपी तुमच्यासोबत दुसराही कोणी वाचतोय. आधारची झेरॉक्स चोराकडे असली तरी ओटीपीशिवाय त्याला फारसं पुढे सरकता येत नाही. तुमच्या बाबतीत दोन्ही एकाच हातात असण्याची शक्यता आहे, म्हणून उशीर नको.

अॅप उडवण्याआधी मात्र पुरावा घ्या. अॅपमधला तुमचा आयडी, व्यवहारांची यादी, पैसे ज्या यूपीआय आयडीवर किंवा खात्यावर पाठवले ते, टेलिग्रामचं चॅट, चॅनेलचं नाव, त्या तीन हजारांची पावती, सगळ्याचे स्क्रीनशॉट घेऊन दुसऱ्या मोबाईलवर पाठवा. तारीख-वेळ दिसली पाहिजे. मग नेट बंद करा आणि सेटिंगमध्ये जाऊन बघा, 'अॅक्सेसिबिलिटी'मध्ये किंवा 'डिव्हाइस अॅडमिन'मध्ये ते अॅप बसलं आहे का. तिथून आधी काढलं नाही तर साधं अनइन्स्टॉल पुष्कळदा होत नाही. मी तर म्हणते, फोटो वगैरे जपून ठेवून मोबाईल फॅक्टरी रिसेटच करा. पासवर्ड आणि पिन बदलाल ते दुसऱ्या, चांगल्या मोबाईलवरून. आजारी मोबाईलवर नवा पासवर्ड टाकणं म्हणजे कुलूप बदलून नवी किल्ली चोराच्याच हातात देणं झालं. ईमेलचा पासवर्ड सगळ्यात आधी, कारण बाकीच्यांचे पासवर्ड तिथूनच बदलता येतात. व्हॉट्सअॅपमध्ये 'लिंक्ड डिव्हाइसेस' उघडा, अनोळखी काही दिसलं तर काढा. कॉल फॉरवर्डिंगही तपासा.

मग कर्ज. इथे जरा थांबून विचार करू, कारण सासऱ्यांना गेलेला फोन बरंच काही सांगतो.

रिझर्व्ह बँकेने २०२२मध्ये डिजिटल कर्जाचे नियम केले. कर्ज देणाऱ्या अॅपने ग्राहकाच्या मोबाईलमधल्या कॉन्टॅक्टला, कॉलच्या नोंदींना, फोटोंना हात लावायचा नाही, असं त्यात स्पष्ट आहे. तुम्ही कुठलं कर्जाचं अॅप टाकलंच नाही. मग सासऱ्यांचा नंबर त्यांच्याकडे आला कुठून? मला दिसतं ते असं, की तो त्या सट्ट्याच्या अॅपमधूनच गेला. म्हणजे दोन शक्यता उरतात. एक, तुमच्या कागदांवर कोणीतरी खरोखरच कर्ज उचललं आहे. दोन, कर्जबिर्ज काही नाही, तुमची माहिती आणि फोनमधली नावं हातात आहेत म्हणून भीती घालून ३५ हजार काढायचा डाव आहे. फोनवरचा माणूस दोन्हींत सारखाच ओरडतो, त्याच्या आवाजावरून काही कळत नाही.

कळतं ते क्रेडिट रिपोर्टवरून. आपल्याकडे अशा चार कंपन्या आहेत, ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हाय मार्क. प्रत्येकीने वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट द्यायचा, हा रिझर्व्ह बँकेचाच नियम आहे. चारही मागवा. एकीकडे नोंद असते, दुसरीकडे नसते, असं होतं. रिपोर्ट उघडल्यावर लोक स्कोअर बघतात आणि बंद करतात. तुम्ही स्कोअर सोडा. 'अकाउंट्स'मध्ये न घेतलेलं कर्ज आहे का ते बघा, आणि 'एन्क्वायरी'मध्ये तुम्ही अर्जच केला नाही अशी कुठली संस्था तुमची चौकशी करून गेली आहे का ते बघा. एन्क्वायरी दिसली आणि कर्ज दिसलं नाही, तर कोणीतरी प्रयत्न केला आणि जमलं नाही असं समजा.

चारहींमध्ये काहीच नसेल तर बहुतेक दुसरीच शक्यता. त्यांना एक पैसा देऊ नका. 'थोडे तरी भरा, फाईल बंद करतो' म्हणतील. पाचशे भरले तरी हा माणूस भरतो एवढं त्यांना कळतं, आणि पुढचा फोन पाच हजारांचा येतो. तुम्ही व्हेरिफिकेशनचे तीन हजार भरले तेव्हा हेच झालं होतं.

कर्ज खरंच निघालं, तर संस्थेचं नाव आणि कर्जखात्याचा नंबर रिपोर्टवर मिळेल. त्या संस्थेच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लेखी कळवा की हे कर्ज माझं नाही, माझ्या कागदपत्रांचा गैरवापर झाला आहे. आणि मागा: कर्जाचा करार, त्यासोबत जोडलेली केवायसी, कोणत्या मोबाईल नंबरवर ओटीपी गेला आणि पैसे कोणत्या खात्यात जमा झाले. शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. नियमाप्रमाणे कर्जाची रक्कम थेट कर्जदाराच्या बँक खात्यात जायला हवी, मधल्या कोणाकडे नाही. ती तुमच्या पगाराच्या खात्यात आलेली नसेल, तर एकतर संस्थेने नियम मोडला किंवा तुमच्या नावाने तुम्हाला माहीत नसलेलं एखादं खातं कुठेतरी उघडलेलं आहे. दुसरं असेल तर तो धागा पोलिसांच्या फार कामाचा.

क्रेडिट कंपनीकडेही त्या नोंदीवर हरकत घ्या. ३० दिवसांत निकाल लागला नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाचे १०० रुपये ग्राहकाला द्यावे लागतात, म्हणून हरकत तोंडी सांगू नका, ऑनलाईन टाका आणि तारखेचा स्क्रीनशॉट ठेवा. कर्ज देणाऱ्या संस्थेने महिनाभरात उत्तर दिलं नाही किंवा टोलवाटोलवी केली तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. अर्ज फुकट आहे, चौकशीचा नंबर १४४४८. आणि वसुलीवाल्यांना सांगा, सकाळी ८च्या आधी आणि संध्याकाळी ७नंतर फोन करायची त्यांना परवानगी नाही. सासऱ्यांना धमकावायची तर मुळीच नाही. खरा वसुलीवाला हे ऐकून नरमतो. खोटा शिव्या देतो. त्यावरूनही काही कळेल.

तक्रार कुठे करायची? १९३० वर फोन करा किंवा सायबरक्राईम डॉट गव्ह डॉट इन या पोर्टलवर टाका. पैसे नुकतेच गेले असतील तर १९३० लगेच, कारण ते पुढच्या खात्यांत अडवता येतात. तुमचे ६२ हजार जाऊन आता बरेच दिवस झाले, ते परत येतील अशी आशा मी तुम्हाला लावणार नाही. तरीही तक्रार हवी, दुसऱ्या कारणासाठी. उद्या तुमच्या आधारवर काढलेल्या सिमवरून कोणाला फसवलं गेलं आणि पोलीस तुमच्या दारात आले, तर 'माझे कागद अमुक तारखेला चोरीला गेले, हा घ्या पोचपावतीचा नंबर' असं म्हणता आलं पाहिजे. तक्रारीत 'सट्ट्यात हरलो' यावर थांबू नका. ओळख चोरून वापरली, असं लिहा. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६सी कलमात त्याला तीन वर्षांपर्यंत शिक्षा आणि एक लाखापर्यंत दंड आहे. पोर्टलवर टाकल्यावर शहर पोलिसांच्या सायबर ठाण्यातही प्रिंट घेऊन जाऊन या.

आता तुमचा शेवटचा प्रश्न. आधार नंबर बदलून मिळत नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आपण 'इडा-पिडा घेऊन जा गे मारबत' म्हणून वर्षाची पीडा गावाबाहेर नेऊन जाळतो, पण एकदा दिलेला आधारचा फोटो तसा जात नाही. तो कोणाच्या तरी सर्व्हरवर पडून राहणार. अॅपवाल्यांना 'माझे कागद डिलीट करा' असा मेल करणाऱ्यांची मला गंमत वाटते. परदेशात बसून बेकायदा धंदा करणारा तुमचा अर्ज वाचून फाईल फाडेल? तेव्हा कागद मागे घेण्यात वेळ घालवू नका, ते जिथे जिथे चालू शकतात त्या जागा बंद करा. त्या फार नाहीत.

सिम ही पहिली. संचार साथी हे सरकारी पोर्टल आहे. तुमचा मोबाईल नंबर आणि ओटीपी टाकला की तुमच्या नावावर किती नंबर चालू आहेत ते दिसतं. एका माणसाच्या नावावर नऊपर्यंत चालतात, म्हणून आठ निघाले तरी कंपनीला त्यात वावगं काही दिसत नाही. तुमचा नसलेला नंबर दिसला तर 'नॉट माय नंबर' दाबा. मी स्वतः हे पहिल्यांदा केलं तेव्हा माझ्या नावावर एक नंबर जास्तीचा निघाला, बँकेत आयुष्य घालवलेल्या बाईच्या नावावर! केव्हा, कुठल्या दुकानात दिलेल्या झेरॉक्सवरून निघाला देव जाणे. आणि हो, तुमच्या मोबाईलची रेंज कारण नसताना तासभर गेली, आजूबाजूच्यांची आहे आणि तुमचीच नाही, तर 'टॉवर गेला असेल' म्हणून झोपू नका. दुसऱ्या फोनवरून कंपनीला विचारा की माझ्या नंबरचं दुसरं सिम कोणी काढलं का.

अंगठा ही दुसरी. आधार लिंक खात्यातून अंगठा लावून पैसे काढता येतात, गावाकडे ग्राहक सेवा केंद्रात चालतं तसं. त्यासाठी बोटांचे खोटे ठसे बनवल्याच्या घटना देशात झाल्या आहेत. तुम्ही त्या अॅपला ठसे दिलेले नाहीत, त्यामुळे हा धोका तुम्हाला लगेचचा नाही. पण कुलूप फुकट आहे, लावून टाका. आधारच्या सरकारी अॅपमध्ये किंवा माय आधार पोर्टलवर 'बायोमेट्रिक लॉक' करा, अडलं तर १९४७ला विचारा. फक्त लक्षात ठेवा, लॉक असताना रेशन दुकानातल्या मशीनवर तुमचा अंगठा लागणार नाही, नवीन सिम घेतानाही लागणार नाही. तेव्हा तेवढ्यापुरतं उघडायचं. नाहीतर दुकानदार म्हणेल 'तुमचं आधार बंद पडलं' आणि तुम्ही पुन्हा घाबराल. त्याच पोर्टलवर मागच्या सहा महिन्यांत तुमचं आधार कुठे कुठे पडताळलं गेलं त्याची यादी मिळते. ती शांतपणे बघा. त्या तीन आठवड्यांच्या आधीच्या तारखांवर विशेष नजर ठेवा.

बँक ही तिसरी, आणि इथे एक गोष्ट अशी आहे जी काउंटरवर कोणी सांगत नाही. नुसत्या खाते नंबरवरून तुमचे पैसे कोणी काढू शकत नाही. पण खाते नंबरवर पैसे टाकता येतात! तुमचं पासबुक त्यांच्याकडे आहे. उद्या खात्यात कुठून तरी वीस हजार आले आणि फोन आला की 'चुकून आले, या नंबरवर परत पाठवा', तर पाठवू नका. ते बहुतेक दुसऱ्या फसलेल्या माणसाचे असतील आणि तुम्ही पाठवले की साखळीतली कडी व्हाल. खर्चही करू नका. शाखेत जाऊन लेखी द्या की ही रक्कम माझी नाही, आणि पोच घ्या. तिथेच गेलात की यूपीआयचे ऑटोपे आणि खात्यावरचे मॅन्डेट, म्हणजे आपोआप पैसे कापायच्या परवानग्या, कोणते आहेत तेही बघून घ्या, अनोळखी असेल ते रद्द. पगार दुसऱ्या खात्यात वळवता आला तर उत्तमच, या खात्यात हजार-दोन हजार राहू द्या. न केलेला एखादा व्यवहार दिसला तर तीन कामाच्या दिवसांच्या आत बँकेला कळवा. चूक तुमचीही नाही आणि बँकेचीही नाही, अशा व्यवहारात तेवढ्या मुदतीत कळवलं तर ग्राहकावर काहीच भार येत नाही. सात दिवसांपर्यंत मर्यादित येतो, पुढे बँकेच्या धोरणावर. मात्र ओटीपी किंवा पिन स्वतः सांगितला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान तुमचंच, म्हणून कळवायला वेळ लावायचा नाही.

पॅनसाठी आयकराच्या पोर्टलवर जाऊन 'एआयएस' उघडा, वार्षिक माहिती विवरण. तिथे तुमच्या पॅनवर कुठल्या बँकेने व्याज दिलं, कोणी टीडीएस कापला हे दिसतं. ज्या बँकेत तुम्ही कधी पाऊल ठेवलं नाही तिचं व्याज दिसलं, म्हणजे ते न उघडलेलं खातं सापडलं. हे जुलैपर्यंत कोणी उघडत नाही. तुम्ही आज उघडा, आणि पुढचं वर्षभर दर दोन-तीन महिन्यांनी.

आता एक आगाऊ इशारा. तुम्ही तक्रार केलीत, कुठे चारचौघांत बोललात, की एक नवीन माणूस भेटेल. 'तुमचे बुडालेले पैसे परत काढून देतो, सायबरमध्ये ओळख आहे, आधी दहा टक्के.' फसलेल्यांच्या याद्या विकल्या जातात आणि त्याच यादीवर दुसरी टोळी काम करते. ज्यांना एकदा केवायसी दिली त्यांचेच भाऊबंद हे.

मला असंही विचारणारी पत्रं येतात की सुरक्षित सट्ट्याचं अॅप कोणतं, केवायसी देताना काय झाकावं. साधा व्यवहार असेल तर मी सांगते: मास्क्ड आधार द्या, ज्यात शेवटचे चारच आकडे दिसतात, झेरॉक्सवर आडवं लिहा कशासाठी आणि कोणत्या तारखेला दिली. लॉजवर, भाडेकरारात हे चालतं. सट्ट्याच्या अॅपवर काय झाकून द्यावं याला माझ्याकडे उत्तर नाही. ज्याचा धंदाच बेकायदा, ज्याचा पत्ता नाही, त्याला झाकलेलंही देऊ नये. बघा ना, पैसे टाकताना त्यांनी तुमचं नावसुद्धा विचारलं नव्हतं. काढताना पासबुक आणि व्हिडिओ. ४,२०० रुपयांचं आमिष दाखवून त्यांनी तुमची पूर्ण फाईल विकत घेतली, आणि ते ४,२०० पण दिले नाहीत.

राहता राहिल्या तुमच्या मिसेस. मी घरगुती भांडणांत पडत नाही, पण हे सुरक्षेचंच काम आहे. सासऱ्यांपर्यंत फोन गेला म्हणजे तिचा नंबरही त्या यादीत आहे. पुढचा फोन तिला येईल, कदाचित तुमच्याच सेल्फीवर काहीतरी घाणेरडं जोडून पाठवतील. तिने ते तुमच्याकडून आधी ऐकलेलं असेल तर ती फोन कापेल. नसेल तर घाबरून पैसे पाठवेल, तेही तिच्या खात्यातून, म्हणजे तिचा यूपीआय आयडी पण त्यांच्याकडे. आज रात्रीची शिफ्ट नसेल तर जेवणं झाल्यावर सांगा. आकडा पूर्ण सांगा, ६२ चा ३० करू नका. बाकीचे पासबुकात सापडतातच. सासऱ्यांनाही दोन वाक्यांत सांगा की माझे कागद चोरीला गेलेत, असा फोन आला तर उचलू नका.

आणि हात पुन्हा लिंककडे गेलाच, तर १४४१६ वर टेली मानस ही मानसिक आरोग्याची हेल्पलाईन आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. समोरासमोर बोलायचं असेल तर मेडिकलच्या, म्हणजे सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या, मानसोपचार विभागात दाखवा. तुमच्यासारखे शिफ्टवाले तिथे पुष्कळ येतात, कोणी वळून बघत नाही.

क्रेडिट रिपोर्टमध्ये काय निघालं ते मला नक्की कळवा, कर्ज खरं असेल तर पुढच्या पत्रात संस्थेला लिहायच्या अर्जाचा मजकूर देते. फक्त एक करा. पुरावा म्हणून तुम्ही या ईमेलला तुमच्या आधारचे दोन्ही बाजूंचे फोटो जोडले होते. ते मी उघडले नाहीत, डिलीट केले. तुमच्या 'सेंट'मधूनही काढा.

तुमची ताई